खांद्यावरची वेल

माझ्या मामांना माणसे समोरून ओळखू येत नसत.

हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. भर बाजारात एखादे वकील हात जोडून पुढे उभे राहिले, तर मामा त्यांच्याकडे परगावच्या पाहुण्याकडे पाहावे तसे पाहत राहत. वकील नाव सांगत, आळी सांगत, गेल्या दिवाळीत शिवलेल्या बनातीच्या कोटाची आठवण देत. मामांच्या चेहऱ्यावर ओळखीची रेघ म्हणून उमटत नसे. अखेर वकील संतापून पाठ फिरवत आणि चालू लागत, तेव्हा मामा मागून हाक घालत, "आरं, तुमी व्हय वकीलसाहेब! मग आधी काहून न्हाई सांगितलं?" एवढ्यावर थांबले असते तरी निभावले असते. पण ते धावत जाऊन त्या गृहस्थांच्या पाठीवर तळहात फिरवत आणि चारचौघांत म्हणत, "डाव्या अंगाला जरा झुकलेत. कज्जे लई झाले वाटतं."

अशा माणसाच्या घरी मी लहानाची मोठी झाले, यात माझा काही अपराध नव्हता.

आमच्या अंबाजोगाईला सरकारी कागदांत मोमिनाबाद म्हणत. अंमल निजामाचा, गावाबाहेर घोडदळाची छावणी, आणि छावणीमुळे साऱ्या गावालाच पोशाखाची नजर आलेली. छावणीच्या रस्त्याला लागून मामांचे दुकान होते. रिसालदार, तहसीलदार, वकील, आसपासचे देशमुख असे सारे तिथे येत. कारण शेरवानी बेतावी ती मामांनीच, याबद्दल बीडपासून परळीपर्यंत दुमत नव्हते. सुई आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्यांची; पण मामा तरुणपणी हैदराबादेस एका उस्तादांपाशी राहून दरबारी कापणी शिकून आले होते, आणि तेव्हापासून लोक त्यांनाही उस्तादच म्हणत. दुकानात शिरले की पायांखाली गार फरशी लागे. कडुलिंबाच्या पाल्यात जपलेल्या लोकरीचा कडवट वास येई, आणि त्या अंधुक वासातून रंग एकेक करून वर येत: बनातीचा मोरपंखी, अलपाक्याचा ओल्या रानासारखा काळा, मश्रूचा डाळिंबी. ठाण उलगडताना पारव्यांचा थवा एकाएकी उडावा तसा आवाज होई. इतक्या सुंदर जागी इतका त्रासदायक माणूस कुणी आणून बसवला, हे कोडे मला शेवटपर्यंत सुटले नाही.

आई गेल्यावर वडिलांनी मला मामांच्या घरी आणून ठेवले. वडील कीर्तनकार, वर्षाचा बराच काळ फिरतीवर. त्यांनी मला वाचायला शिकवले होते आणि ओवी-आर्येचा कान दिला होता. मामांनी त्यात सुईची भर घातली. दुकान आणि माजघर यांच्यामध्ये जाड पडदा होता. त्या पडद्याआड बसून मी कोटांची काजे करीत असे. गिऱ्हाइके मला दिसत नसत. ती मला ऐकू येत आणि त्यांचा वास येई. रिसालदार आले की कातड्याचा आणि घोड्याच्या घामाचा वास पडद्याखालून आत सरके. कचेरीतल्या मंडळींबरोबर शाई आणि हिना येई. मी एक काज पुरे केले की मामा डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवीत. त्यांच्या अंगठ्याला जे खुपे ते माझ्या डोळ्यांना कधी दिसले नाही. "हे काज न्हाई पोरी, ही जखम हाय," असे म्हणून ते कापड माझ्या मांडीवर टाकत. मामी चुलीपासून ओरडे, "आवं, गिऱ्हाईक काय काजात डोळा घालून बघतंय व्हय?" मामांना ते ऐकू जात नसे. त्यांना जे ऐकायचे नसे ते कधीच ऐकू जात नसे.

दुकानात एक मोठा आरसा होता. छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाने बदली होऊन जाताना तो मामांना दिला होता. पुरुषभर उंच, सोनेरी महिरपीचा, एवढा स्वच्छ की त्यात समोरच्या रस्त्यावरची ऊनसावलीही हलताना दिसावी. मामांनी तो भिंतीवर लावला आणि त्यावर गोणपाट टाकले. महागाच्या शेरवान्या शिवणाऱ्या दुकानात आरसा झाकून ठेवलेला पाहून नवे गिऱ्हाईक बुचकळ्यात पडे. कुणी गोणपाटाला हात घातलाच तर मामा म्हणत, "आरशात मानूस तोंड बघतो. तोंड मी शिवलेलं न्हाई."

कापडाशी मात्र त्यांची वागणूक निराळी होती. औरंगाबादेहून हिमरूचे किंवा मश्रूचे ठाण बैलगाडीने घाट चढून येई. ते आले की मामा त्याला लगेच कात्री लावत नसत. मागच्या खोलीत वेळूवर ते मोकळे टांगून ठेवत, आणि त्या खोलीत मोठ्याने बोललेलेही त्यांना खपत नसे. "दमून आलंय. इसावा घिऊ द्या." युसूफ वडगावचे एक पाटील मुलाच्या लग्नाचा कोट घ्यायला आले, तर कोट कुठला, कापड अजून वेळूवरच लोंबत होते.

"हळदी लागल्या घरी!" पाटील कडाडले. "कापूड हाय का बैल हाय त्ये, इसावा घ्यायला?"

"बैल असता तर तुमी सोताच थांबला असता," मामा म्हणाले.

पाटील तडक उठून दुसऱ्या शिंप्याकडे गेले. मामी कपाळाला हात लावून दारात बसली. "गेलं की हो गिऱ्हाईक!" मामांनी वेळूकडे पाहिले आणि समाधानाने म्हणाले, "कापूड ऱ्हायलं की."

पण या साऱ्यापेक्षा लोकांना जिचा खरा धसका होता ती मामांची फेरी. कोट कच्च्या टाक्यांवर जोडला, म्हणजे पांढऱ्या दोऱ्याने नुसता धरून ठेवला, की तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा आणि त्याला बाजारातून पार पिंपळाच्या पारापर्यंत चालवत न्यायचे. मामा थोडे अंतर राखून मागून चालत, मान तिरकी करून, जिभेचे टोक दातांत धरून. "हुभ्या मानसाचा कोट कुनी बी शिवंल. चालत्याचा शिवाय पायजे." या कोटाला बहुधा एकच बाही असे, गळपट्टी नसे, आणि पाठीवर पांढऱ्या टाक्यांची आडवीतिडवी रांगोळी असे.

ज्यांच्यापुढे कुळे मान वर करीत नसत अशा एका देशमुखांना मामांनी भर आठवडी बाजारातून असे चालवले. भाजी विकणाऱ्या एका माळणीने त्यांना भोळेपणाने विचारले, "देशमुख, दुसरी बाही कुत्र्यानं नेली का वं?" सारा बाजार मिशीत हसला. देशमुख परतले ते लालबुंद होऊन.

"उस्ताद, अब्रू गेली माझी!"

"अब्रू हाय तितंच हाय. मुंढा गेलाय," मामा म्हणाले. बाही जिथे अंगाला जोडतात त्या जागेला मुंढा म्हणतात. "वर चढलाय. परत जाऊन या."

आणि देशमुख परत गेले! हेच मला कधी समजले नाही. शिव्या देत गेले, पण गेले. कारण तो कोट पुरा होऊन अंगावर आला, तेव्हा त्यांच्या चालण्यात जो डौल उतरला तो त्यांच्या पिढीजात वतनाने त्यांना दिला नव्हता.

पुढे तर अशी चमत्कारिक गोष्ट झाली की पाठीवरचे पांढरे टाके हेच गावात प्रतिष्ठेचे चिन्ह ठरले. ज्याच्या पाठीवर टाके तो उस्तादांचे गिऱ्हाईक. मग ज्यांना मामांच्या दुकानाची पायरी परवडत नसे, तेही घरी बायकोला बसवून जुन्या कोटावर पांढरे दोरे घालून घेऊ लागले. एक हौशी तरुण तसाच टाके मिरवत मित्राच्या वरातीत निघाला. "कुठं शिवतो बे?" वरातीतल्या एकाने विचारले. "उस्तादाकडं, अजून कुठं!" नेमके मामा समोरून आले. त्यांनी खिशातून कात्री काढली, वरात थांबवली, वाजंत्री थांबवली, आणि त्या बिचाऱ्याला मशालीच्या उजेडात उभा करून एकूण एक टाका कापला. "टाके वाकडे हायेत," ते म्हणाले. "नाव माझं खराब व्हतंय."

हे सारे मी हसून सोसले, कारण ते दुसऱ्यांच्या वाट्याचे होते. माझ्या वाट्याला आले तेव्हा हसू कुठच्या कुठे गेले.

माझे लग्न धारूरला ठरले. घर कापडाच्या व्यापारातले, सुखवस्तू. मुलगा केजच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. बघण्याच्या वेळी मी मान खाली घालून बसले होते. त्यांच्या पायांखेरीज मला काही दिसले नाही. "काही वाचता का?" असे त्यांनी विचारले, आणि मी एक आर्या म्हणू लागले. अर्ध्यावर शब्द अडला. ओसरीवरची माणसे वाट पाहू लागली, आणि तो अडलेला शब्द समोरून अगदी हळू आला, दिव्याची वात कुणी बोटाने सावरावी तसा. मी आर्या पुरी केली. माझ्यापुरते लग्न तिथेच लागले होते; उरला होता तो केवळ विधी.

वरपोशाख मुलीकडच्यांनी करायचा. माझ्या वडिलांनी तो मान मामांना दिला, आणि इथेच घात झाला. मामांनी औरंगाबादेहून हिमरू विणून आणवला. केतकीच्या पानासारखी फिकट जमीन, आणि तीवर हिरवी वेल, फिकट जांभळ्या कळ्यांची. मी तो प्रथम हातात घेतला तेव्हा तो इतका गार आणि इतका जिवंत लागला की मला गालाला लावण्याचा मोह झाला. मामांनी कापड काढून घेतले. "तेल लागंल तुझ्या गालाचं."

ठाणाने आपला विसावा घेतला आणि नवरदेव वडिलांसह मापाला आले. मी पडद्याआड होतेच.

"वरूनच घ्या माप," धारूरचे शेटजी म्हणाले. "कोट कशाला काढायचा?"

"कोटाचं लगीन हाय का पोराचं?" मामांनी विचारले.

थोडी कुजबुज झाली. मग कोट उतरल्याचा आवाज आला, आणि तो आवाज मला चुकीचा वाटला. जाजमावर टाकलेला कोट सळसळतो. हा उशीसारखा पडला.

मग शेटजी आवाज खाली आणून बोलले. मुलगा लहानपणी किल्ल्याच्या बुरुजावरून पडला होता; हाड बसले ते आखूड बसले; डावा खांदा उजव्यापेक्षा खाली राहिला. हातात काही उणे नव्हते, लिहिणे, उचलणे सारे होई. पण दिसण्याचे काय? म्हणून धारूरचा शिंपी कोटाच्या डाव्या खांद्यात कापूस भरून देई. "इवाई, ही बात हितंच ऱ्हाऊ द्या. तेवढा कापूस भरा. मांडवात आख्खा तालुका बघनार हाय."

"कापूस न्हाई भरत मी," मामा म्हणाले. "मी गाद्या शिवत न्हाई."

"आवो, तुमच्या भाचीचं लगीन हाय!"

"हाय की. म्हनून तर हिमरू आनला." आणि मग माझ्या मामांनी व्याह्यांना वेल समजावून सांगायला सुरुवात केली. ती छातीवरून निघते, खांद्यावर चढते, आणि न तुटता पाठीवर उतरते. मधे एकही पान निसटायचे नाही, असे त्यांनी कापड बेतले आहे. खांद्यात कापूस घातला की कापड उचलते, आणि पुढची वेल मागच्या वेलीला भेटत नाही. "इथं, ह्या शिवनीवर, तुटती."

"येल तुटती?" शेटजींचा आवाज आता साऱ्या दुकानाला ऐकू जाईल एवढा चढला. "मग सोयरीक तुटू द्या! माझ्या पोराचा खांदा मांडवात लोकांनी मोजायचा, हे मला चालनार न्हाई. भरनार असाल तर सांगा."

मला काय झाले ते मला कळले नाही. जन्मात मी पडद्याबाहेर आवाज जाऊ दिला नव्हता. "मामा, भरा कापूस," मी म्हणाले.

इस्त्रीतले निखारे तडतडले.

"तू काजं कर," मामा म्हणाले.

"भरा की वं मूठभर कापूस!" मामी आतून कळवळली. "पोरीच्या जल्माचा सवाल हाय!"

"जल्माचा न्हाई. येलीचा हाय."

तेव्हा तो हळू आवाज दुसऱ्यांदा माझ्या कानांवर आला. "मामा, कापसाबिगर कसा दिसंल?"

"वाकडा दिसंल," मामा म्हणाले. "पर येल सरळ जाईल."

आणि माझे होणारे यजमान मोठ्याने, मोकळेपणाने हसले. त्यांच्या वडिलांनी त्यांना दंडाला धरून उठवले, आणि दोघांची पावले रस्त्यावरच्या धुळीत विरून गेली.

मी अबोला धरला. दुसऱ्या कुणा मामाला त्याची टोचणी लागली असती. आमच्या मामांना तो कळलाच नाही. ते हिमरू बेतत बसले. ज्या लग्नाची सोयरीक तुटायच्या बेताला आली आहे, त्या लग्नाचा कोट हा माणूस गुणगुणत शिवत होता! मामी पाणी आणायला गेली की बायका विचारत, "काय, धारूरकडून काही निरोप?" ती परत येऊन घागर अशी आदळे की मी दचकावे. मला रात्रंदिवस त्या हसण्याचा राग येई, आणि तेच हसणे पुन्हा ऐकावेसे वाटे.

एका दुपारी मामा देवळाकडे गेले होते. मी खुंटीवरचा कोट काढला, डाव्या खांद्याचे अस्तर सोडवले, आणि पिंजलेला कापूस आत भरला. मऊ, निर्जीव कापूस. बोटांना त्याची किळस आली. मग अस्तर पुन्हा शिवले आणि कोट उजेडात धरला. मामा खोटे बोलत नव्हते. शिवणीपाशी वेल थबकली होती. अलीकडची कळी एकीकडे पाहत होती, पलीकडचे पान भलतीकडे. मी ते नीट पाहिले, आणि मला त्याचे काडीचेही वाईट वाटले नाही. मला वेलीशी लग्न करायचे नव्हते.

मामा आले. डोळे मिटून त्यांनी खांद्यावरून अंगठा फिरवला.

"ह्यात कापूस हाय."

"हो."

"येल तुटली."

"तुटू द्या. आता हात लावलात तर हा कोट चुलीत घालीन मी."

मामांनी माझ्याकडे पाहिले. समोरून, चांगले रोखून, बहुधा पहिल्यांदाच. हिमरू खरोखरच जळेल अशी त्यांची खात्री पटली असावी. त्यांनी कोट अलगद खुंटीवर ठेवला, चपला घातल्या, आणि आले होते तसेच पुन्हा देवळाकडे गेले.

त्याच आठवड्यात नवरदेव एकटेच आले.

"घाला," मामा खिन्नपणे म्हणाले. "बिघडलाय. तुमच्या व्हनाऱ्या बायकूनं बिघडवलाय."

कोट घालून ते फेरीला निघाले. मामा मागून गेले नाहीत. त्या खांद्यामागून चालणे त्यांना सोसवेना. मी माडीच्या खिडकीतून पाहत होते. ते मला पहिल्यांदाच सबंध दिसत होते, आणि पाठमोरे दिसत होते. दोन्ही खांदे कसे समपातळीत! पण मान ताठ, डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असावी तशी. ओळखीचे कुणी हाक मारत, तेव्हा ते मान वळवत नव्हते. अख्खे अंग वळवत होते.

ते परत येईतो मी खाली पडद्याआड आले होते; ते पडद्याजवळ बसले. "वडलांचा निरोप हाय," ते म्हणाले, आणि ते मामांशी बोलत नव्हते हे मला कळले. "कापूस असंल तरच ते मांडवात येनार. मला ह्यात मान वळवता येत न्हाई, उन्हाळ्यात जीव कासावीस होतो. लहानपनापासून हाच भारा वागवतोय. पर तुमी सांगाल तसं."

आपल्या आयुष्यातला मोठा निर्णय एखाद्या काव्यमय क्षणी होईल असे मला वाटत असे. तो बटणांच्या डब्याशेजारी झाला.

"मांडवापुरता राहू द्या," मी म्हणाले. "नंतर मी काढून टाकीन."

"नक्की?"

"नक्की."

"म्हंजे," मामा मधेच उसळले, "मांडवात माझी येल तुटलेलीच?"

"हो!" आम्ही दोघे एकदम म्हणालो. एकत्र उच्चारलेला आमचा पहिला शब्द तो.

शेटजी मांडवात आले. तालुक्याने नवरदेव पाहिला, आणि कुणाला मोजण्यासारखे काही सापडले नाही. मामा मात्र मंगलाष्टकांच्या वेळी मांडवाच्या खांबाआड उपरण्यात तोंड खुपसून बसले होते. त्यांना तो खांदा पाहवत नव्हता. धारूरच्या बायका डोळे टिपत म्हणाल्या, "मामाचा लई जीव वं भाचीवर!"

"येलीवर," मामी दातओठ खात म्हणाली. पण वाजंत्र्यांत ते विरून गेले.

सासरी आल्यावर मी दिलेला शब्द पाळला. कापूस काढला, अस्तर बसते केले, आणि कोट पेटीत ठेवून दिला. रोजच्या कोटांच्या खांद्यांतला कापूस सासऱ्यांच्या धाकाने तसाच राहिला. त्याविषयी घरात कुणी बोलत नसे. दसरा आला. संध्याकाळी सोने वाटायला सारा गाव वेशीबाहेर जायचा, आणि यजमान तोच हिमरूचा कोट घालून खोलीबाहेर आले. डावा खांदा होता तसा, खाली. सासरे ओसरीवर पगडी बांधत होते. त्यांचा हात थांबला. सासूबाई देवघराच्या दारातच उभ्या राहिल्या. यजमान पायऱ्या उतरून अंगणात गेले. मावळतीचे ऊन त्यांच्या पाठीवर पडले.

सासऱ्यांचा जन्म कापडात गेला होता. ते ओसरीच्या कडेपर्यंत आले आणि पाहत राहिले. ते आता मागे बोलावणार, कापूस भरून घ्यायला सांगणार, असे वाटून मी डोळे मिटून घेतले.

"येल काय गेलीय!" ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्याने, "थांब रं. मी बी येतो," आणि पगडीचे टोक घाईने खोचून ते अंगणात उतरले. बापलेक बरोबरीने वेशीकडे निघाले. हाक आली की यजमान मान वळवून बघत होते.

मामा पुढे अधूनमधून धारूरला येत. मी कशी आहे, सासरी सुखात आहे का, पोरे काय करतात, हे त्यांनी जन्मात विचारले नाही. पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी ते विचारत, "येल कशी हाय?"

"आहे पेटीत," मी म्हणे.

"कुनी काही म्हनलं न्हाई?"

"कोण काय म्हणणार?"

ते हिरमुसून पाणी पीत. सासरे काय म्हणाले ते मी त्यांना अखेरपर्यंत सांगितले नाही, आणि घरातल्या कुणाला सांगूही दिले नाही. सांगितले असते, तर त्यानंतर त्या माणसाशेजारी बसणे कुणालाही शक्य झाले नसते.